उरलेलं सीलंट

शामलाबाईंचा फोटो बॅगेत होता, कारण भिंत ओली होती.

श्रीधरराव जानेवारीत मुलाकडे नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आले ते तीन महिन्यांसाठी. बायको गेल्यावर पुण्याच्या घरात कपबशीचा आवाजसुद्धा एकट्या त्यांचाच व्हायचा, म्हणून अंबरीश त्यांना घेऊन आला होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ते इथंच राहिले. त्यांना तळमजल्यावरची, बागेकडची खोली दिली होती. खोलीच्या एका भिंतीला कपाट, दुसरीला दार आणि तिसरीला अंबरीशचं ऑफिस, कारण आता सगळ्यांचं ऑफिस घरीच होतं. राहिली खिडकीची भिंत. तिच्यावर खिडकीला लागून परातीएवढा ओला डाग होता.

"बाबा, खिळा ठोकू नका," अंबरीशनं बजावलं होतं. "घर भाड्याचं आहे. आणि ओल्या भिंतीवर आईचा फोटो खराब होईल. मी मालकांच्या कंपनीला कळवलंय. माणूस येऊन बघेल."

"कधी?"

"कोविडमुळे उशीर होतोय म्हणाले."

सप्टेंबर उजाडला तरी माणूस आला नाही. रविवारी शामलाबाईंचं वर्षश्राद्ध होतं. गुरुजी पुण्याहून झूमवर येणार होते आणि शामलाबाईंची मोठी बहीण, लीलाताई, त्याही येणार होत्या. खरी अडचण तीच होती. लीलाताई दर आठवड्याला फोनवर विचारायच्या, "शामूचा फोटो लावलात का हो?" आणि श्रीधरराव दर आठवड्याला सांगायचे, "लावलाय की. समोरच आहे." बॅग समोरच असायची, एवढंच त्यात खरं होतं.

तेव्हा रविवारपर्यंत भिंत वाळायला हवी होती.

श्रीधररावांना गळतीतलं कळतं असं त्यांचं स्वतःचं मत होतं. पुण्यात ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यांच्या काळात तीनदा झालं. आधीच्या दोन वेळा गळलं म्हणून तिसऱ्यांदा करावं लागलं, पण तेवढा भाग ते सांगत नसत.

शनिवारी त्यांनी खिडकीची बाहेरून पाहणी केली. चौकट आणि विटा यांच्या मधलं सीलंट वाळून तडकलं होतं. रोगाचं मूळ सापडलं. ते चालत हार्डवेअरच्या दुकानात गेले. आत शिरणाऱ्या प्रत्येकानं सामानाची एक ढकलगाडी घ्यायचीच असा तिथं कोरोनाचा नियम होता. त्यामुळे सीलंटची एक नळी आणि ती दाबायची बंदूक एवढं दोनच वस्तूंचं सामान ते बाळाला फिरवावं तसं भल्यामोठ्या गाडीतून फिरवत बाहेर आले.

संध्याकाळी अंबरीश आणि सून ऋजुता पूजेचं सामान आणायला भारतीय दुकानात गेले. दिवस मावळला होता, पण उजेड होता. श्रीधररावांनी स्वयंपाकघरातली दोन पायऱ्यांची शिडी बागेत नेली आणि चौकटीभोवती सीलंट भरलं. जुनं काढलं नाही. जुन्यावरच नवं चढवलं, सोसायटीत रंग चढवायचे तसं. वर बोट फिरवलं, बोट लेंग्याला पुसलं आणि लांब उभं राहून पाहिलं. काम झक्क दिसत होतं.

आणि नळी अर्धी उरली होती.

इथं कुणीही दुसऱ्यानं ती कचऱ्यात टाकली असती. पण उघडलेली नळी वाळून फुकट जाणार हे श्रीधररावांना सोसवेना. शामलाबाई टूथपेस्टच्या नळीवरून लाटणं फिरवायच्या. तेवढ्या पेस्टमध्ये त्यांचा आणखी आठवडा निघायचा. त्या घरातला माणूस अर्धी नळी कशी टाकणार? श्रीधररावांनी भिंतीवरून नजर फिरवली आणि त्यांना धक्का बसला. खिडकीच्या वर, दर तीन-चार विटांनंतर दोन विटांमधली उभी फट रिकामी होती. सिमेंटच भरलेलं नव्हतं. खाली जमिनीलगतही तसंच.

"म्हणजे गवंडी सगळीकडे सारखेच," ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

त्यांनी एकेक फट बुजवली. तरी नळी संपेना. शेजारच्या हॅनेकेबाईंचं घर याच भिंतीला जोडून होतं आणि मध्ये गुडघ्याएवढं कुंपण होतं. बाई एकट्या राहायच्या, निवृत्त होत्या आणि आज संध्याकाळपुरत्या लेकीकडे गेल्या होत्या. पलीकडेही त्याच फटी. श्रीधररावांनी कुंपण ओलांडून शेजारधर्म पाळला. बरोबर शेवटच्या फटीला नळी संपली. इतकं समाधान त्यांना कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

घरात येऊन त्यांनी खिळा ठोकला. डागावर नाही, डागाच्या कडेला. बॅग उघडून फोटो काढला. फोटोखाली शामलाबाईंचं अर्धवट विणलेलं रुमालाचं काम आणि क्रोशाची सुई होती, ती तशीच ठेवली. अंबरीशनं परत आल्यावर खिळा पाहिला, फोटो पाहिला आणि तो जरा सरळ केला.

रात्री धो धो पाऊस झाला.

गुरुजींनी साडेदहाची वेळ दिली होती, म्हणजे इथं सकाळी सात. बाहेर नुकतं फटफटत होतं. खोलीत दिवा लावून लॅपटॉप मांडला होता. एका चौकोनात गुरुजी आणि दुसऱ्यात लीलाताईंचं कपाळ.

"लीलामावशी, फोन खाली कर. आम्हाला तुझी टिकली तेवढी दिसतेय."

"मला तुम्ही दिसताय ना, झालं तर मग. अंबरीश, तो फोटो दाखव." अंबरीशनं लॅपटॉप वळवला. लीलाताईंनी कपाळ आणखी जवळ आणलं. मग म्हणाल्या, "छान लावलाय हो श्रीधरराव. पण त्याच्यामागून पाणी येतंय का?"

पाणी येत होतं. परातीएवढा डाग रात्रीत जेवणाच्या टेबलाएवढा झाला होता आणि फोटोच्या मागून दोन धारा शिस्तीत खाली उतरत होत्या.

"ते... हवेतला ओलावा," श्रीधरराव म्हणाले.

"धूप दाखवा," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढं दुसरे यजमान होते.

ऋजुतानं धूप पेटवला आणि लगेच छताकडे पाहिलं. "अंबरीश, खिडकी उघड. स्मोक अलार्म वाजला तर सगळी गल्ली जागी होईल."

अंबरीशनं खिडकी उघडली. धूर बाहेर गेला आणि काहीतरी आत आलं.

ते आधी दिव्याभोवती फिरलं, मग अंबरीशच्या मॉनिटरवरून, मग ऋजुताच्या डोक्यावरून. ऋजुता खाली बसली ती टेबलाखालीच गेली. शेवटी ते शामलाबाईंच्या फोटोच्या चौकटीला उलटं लटकलं. अंगठ्याएवढं, तपकिरी.

"वटवाघूळ आहे," अंबरीश अगदी हळू म्हणाला.

"वटवाघूळ?" गुरुजी लॅपटॉपमध्ये मागं सरकले. "तो रोग ज्याच्यापासून आला म्हणतात, तेच?"

"मास्क लावा रे सगळे," लीलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुण्यात स्वतःचा लावला.

अंबरीशनं बाहेर डोकावलं. "बाबा, बाहेर आणखी आहेत. पंधरा-वीस तरी. भिंतीपाशी घिरट्या घालतायत. आत शिरायला बघतायत आणि जमत नाहीये."

श्रीधरराव बागेच्या दाराकडे निघाले. तेवढ्यात बागेतून हाक आली. हॅनेकेबाई कुंपणापलीकडे झग्यावर रेनकोट घालून उभ्या होत्या. त्यांच्या इंग्रजीत पाल्हाळ नसायचा.

"मिस्टर श्रीधर. भिंत कोणी बंद केली?"

"मी. गळत होती म्हणून." मग प्रामाणिकपणे त्यांनी भर घातली, "तुमचीसुद्धा केली."

"ती बघितली." बाईंनी एक श्वास घेतला. "या भिंतीत दोन थर आहेत. मधल्या पोकळीत उतरलेलं पाणी त्या फटींतून बाहेर पडतं. म्हणून त्या ठेवतात. तुमच्याकडे भिंतीत शिरलेलं पाणी कुठं जातं?"

श्रीधररावांनी सोसायटी आठवून खरं उत्तर दिलं. "खालच्या मजल्यावर."

"आणि त्या पोकळीत ही वटवाघळं राहतात. काल संध्याकाळी ती बाहेर पडल्यावर तुम्ही त्यांचं दार बंद केलं. त्यांचं घर बुजवणं इथं गुन्हा आहे. उजाडायच्या आत फटी मोकळ्या करा."

श्रीधररावांनी स्वयंपाकघरातून सुरी आणि चमचा आणला. सुरी फटीत जात नव्हती, चमचा जाड होता. मग खोलीत जाऊन त्यांनी बॅगेतून क्रोशाची सुई आणली. वर साय धरली होती, पण आत सीलंट अजून मऊ होतं. आकडा घातला, फिरवला, ओढला की शेवयांसारखं बाहेर यायचं. पहिली खालची फट मोकळी झाली आणि तिच्यातून गढूळ पाण्याची धार त्यांच्या चपलेवर पडली. ते पटकन शिडीवर चढले. वरची पहिली फट मोकळी होताच एक वटवाघूळ त्यांच्या कानाजवळून भिंतीत शिरलं. मग दुसरं.

"माफ करा हं," ते प्रत्येकाला मराठीत म्हणत होते.

आतलं मात्र फोटोवरून हलेना.

"मी काय म्हणते," लॅपटॉपमधून लीलाताईंचा आवाज आला, "पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलंय असं म्हणतात. तिकडं कावळ्याऐवजी हे आलंय. शामूचं काहीतरी राहिलंय. कबूल करा म्हणजे जाईल."

"अहो ताई, तसं शास्त्रात..." गुरुजींनी प्रयत्न केला.

"आई, मी पुरणपोळी शिकेन," ऋजुता टेबलाखालून म्हणाली. वटवाघूळ हललं नाही.

"मी लीलामावशीला दर रविवारी फोन करीन," अंबरीश म्हणाला. वटवाघळानं एक पंख जरा सावरला.

मग पुण्याकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "तिचं ते पितळेचं मोठं पातेलं माझ्याकडेच आहे," लीलाताई म्हणाल्या. "सापडत नाही म्हणून मी तिला सांगितलं होतं. माळ्यावर आहे. ऋजुताला देईन."

त्याच वेळी खिडकीशी येऊन हॅनेकेबाई म्हणाल्या, "दिवा बंद करा आणि सगळे गप्प बसा."

अंबरीशनं दिवा घालवला. वटवाघूळ चौकटीवरून सुटलं, खोलीत एक चक्कर मारून खिडकीतून बाहेर गेलं आणि श्रीधररावांच्या डोक्यावरच्या फटीत नाहीसं झालं.

"बघा," लीलाताई म्हणाल्या. "पातेलंच होतं."

त्यांना दिव्याचं कोणी सांगितलं नाही. शिडीवर श्रीधरराव सुई हातात धरून बसले होते. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं असावं, तसा त्यांना मोकळा श्वास येत होता. मग ते हसायला लागले, इतके की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ते बराच वेळ पुसत राहिले. हॅनेकेबाई कुंपणापाशी दीड मीटर अंतर राखून उभ्या राहिल्या. आत गुरुजींनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

पुढच्या कोरड्या आठवड्यात हॅनेकेबाईंनी त्यांच्याकडून खिडकीचं काम परत करून घेतलं. आधी जुनं सगळं खरवडून काढायचं, कड पुसून कोरडी करायची, मगच नवं भरायचं. या वेळीही नळी उरली. बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

महिन्याभरानं कंपनीचा माणूस आला. मास्क लावून त्यानं भिंतीला यंत्र टेकवलं, खिडकी बाहेरून पाहिली, फटी पाहिल्या. गळती कुठंच नव्हती. त्याला एकच दोष सापडला.

"हा खिळा परवानगीशिवाय ठोकलाय. भोक बुजवावं लागेल."

"बुजवतो की. पण काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात," श्रीधरराव म्हणाले. "मला इथंच शिकवलं."

माणसानं फोटोकडे पाहिलं. "या कोण?"

"बायको."

त्यानं यंत्र पिशवीत टाकलं. "मग घर सोडताना बघू," तो म्हणाला. "भिंत चांगली कोरडी आहे."

तो गेला तोच लीलाताईंचा फोन आला. पातेलं घासूनपुसून ठेवलं होतं, पण विमानात चढवू देतील का ही त्यांना चिंता होती. मग नेहमीचा प्रश्न आला.

"शामूचा फोटो नीट आहे ना हो?"

"आहे की. समोरच आहे," श्रीधरराव म्हणाले, आणि सवयीनं बॅगेकडे गेलेली नजर त्यांनी उचलून भिंतीवर नेली.