जावयाच्या पुटकुळ्या

नानासाहेबांनी होणाऱ्या जावयापुढे काचेचा ग्लास ठेवला आणि बाटलीचं बूच स्वतःच्या हातानं फिरवलं. पडेगावच्या त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवर हा मान आजवर फक्त एका माजी सभापतींना मिळाला होता.

"नको नाना, आज गुरुवार आहे," सार्थक म्हणाला. म्हणताना त्याच्या हातात बोकडाची नळी होती, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

नानासाहेबांनी बूच परत लावलं. पाहुणा कोरडा बसलेला असताना यजमानानं ओठ ओले करायचे नाहीत, असा त्यांच्या घराण्याचा कायदा होता. त्यांचे मेहुणे गोकुळमामा नुसत्या रश्शावर जेवून उठले. उठताना त्यांनी आधी नळीकडे पाहिलं, मग सार्थककडे.

खरी गोष्ट साधी होती. सार्थक चिकलठाण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. नानासाहेबांच्या मोनिकाशी त्याची सुपारी फुटली आणि लगोलग त्याच्या गालांवर, शुद्ध मराठीत ज्यांना तारुण्यपीटिका म्हणतात, त्या फुटल्या. ऐन तारुण्यात त्यांचं यायचं राहून गेलं होतं, ते आता लग्नाच्या तोंडावर उरकून घेत होत्या. त्वचेच्या डॉक्टर सरोजिनीबाईंनी कॅप्सूल दिली आणि सोबत दमही दिला.

"दारू घेता?"

"कंपनीच्या पार्टीत, कधीतरी."

"कोर्स संपेपर्यंत तीपण नाही. बिअर नाही, वाइन नाही, नुसती चाखलीसुद्धा नाही. ही गोळी लिव्हरलाच पचवायची असते आणि दारूही लिव्हरलाच. रक्तातली चरबी दोन्हींनी वाढते. लिव्हर काही जोडीनं मिळालेलं नाही आपल्याला. आणि मी सांगेन तेव्हा रक्त तपासून घ्यायचं."

सार्थकला हे पटलं. पण पडेगावात सांगायचं कसं? नानासाहेबांनी साऱ्या भावकीला 'पोरगं वाघ हाय' असं सांगून ठेवलं होतं, आणि पुटकुळ्यांवर गोळी खाणारा वाघ त्या भावकीनं कधी पाहिलेला नव्हता.

पुढचं बोलावणं शनिवारचं आलं. सार्थकनं मारुतीला पुढे केलं. मग नानासाहेबांनी कॅलेंडर बघून, कुठल्याच देवाचा हक्क नाही असा दिवस शोधून काढला. त्या दिवशी सार्थकला ॲसिडिटी झाली. एव्हाना गोळीनं ओठ फुटले होते, डोळे कोरडे पडून लाल झाले होते, गाल तांबडे दिसत होते. डॉक्टरीणबाईंच्या मते हे सगळं अपेक्षितच होतं. गोकुळमामांच्या मतेही तसंच होतं, फक्त कारण वेगळं.

"दाजी, तोंड बघितलं का पोराचं? डोळे लाल, ओठ फुटल्यालं. आन् गिलास दिसला की हात मागं! ज्यानं कधी घेतलीच नाय, त्यो निवांत नाय म्हणतो. ह्यो दचकतो. लई पिऊन सोडलेला गडी हाय ह्यो."

"कायतरीच काय? इंजिनिअर हाय त्यो."

"मंग? त्यायलाच परवडती!"

नानासाहेबांनी विषय तिथंच मिटवला असता. पण गोकुळमामा आपली साखर तपासायला औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये गेले आणि तिथं बाकावर सार्थक बसलेला. एकमेकांना नमस्कार होतोय तोवर आतून हाक आली, "लिव्हरवाले सार्थकभाई कौन? अंदर आओ!"

"कंपनीचं चेकअप आहे, मामा," सार्थक घाईनं म्हणाला.

"कंपनीला तुमचं लिव्हर कशाला लागतंय?" मामांनी विचारलं.

औरंगपुऱ्यातून निघालेलं ते लिव्हर पडेगावला पोचेपर्यंत निम्मं झालं होतं. दुपारी मोनिकाचा फोन आला.

"अहो, तुमचं लिव्हर किती शिल्लक आहे?"

"म्हणजे?"

"मामा म्हणतो निम्मं गेलं. आई देवापुढं बसलीय. नाना सुपारी परत करायचं बोलतायत. जे काय असंल ते येऊन सांगा. मी भांडायला तयार आहे, पण कशासाठी भांडायचं ते तरी मला कळू द्या!"

सार्थक हेल्मेट घालायचं विसरून पडेगावला पोचला. दिवाणखान्यात नानासाहेब, गोकुळमामा आणि मधोमध टेबलावर भरलेला ग्लास, असे तिघं वाट बघत होते. मोनिका दारात उभी होती. सारजाबाई, म्हणजे तिची आई, जपमाळ हातात तशीच घेऊन बाहेर आल्या होत्या.

"हे बघा पाहुणं," नानासाहेब म्हणाले, "माझी एकुलती एक पोरगी हाय. तुमचं लिव्हर साबूत असंल तर ह्यातला एक घोट घेऊन दाखवा. विषय खतम. नायतर ही सोयरीक हितंच थांबली."

"एका घोटानं काय व्हतंय?" गोकुळमामांनी पुस्ती जोडली.

सार्थकनं ग्लास उचलला. एक घोट घेतला की मोनिका मिळत होती. नुसत्या वासानंच फुटलेले ओठ चुरचुरले. त्यानं मोनिकाकडे पाहिलं. संसाराची सुरुवात गुरुवारच्या थापेनं केली, शनिवारच्या थापेनं केली, आता एका घोटानं करायची का, असा विचार त्याच्या मनात आला. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"नाही घेणार, नाना. सोयरीक मोडायची तर मोडा. मी पिंपल्सची गोळी खातोय."

"कशाची?"

"पुटकुळ्यांची." आणि मग त्यानं गोळी, लिव्हर, चरबी, रक्ततपासणी, गुरुवार आणि मारुती, सगळं सांगून टाकलं.

"पुटकुळ्या?" गोकुळमामांचा आवाजच बसला. त्यांचा एवढा तपास वाया गेला होता. "आम्हाला बी व्हत्या की! आम्ही नुसती हळद लावली."

"मग?" मोनिकानं विचारलं.

"मंग काय? ह्येच तोंड ऱ्हायलं."

नानासाहेब हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. "आरं बाबा, पयलंच सांगायचं व्हतं की! सासऱ्याला नाय म्हणतो, पर डॉक्टरचं ऐकतो. असा माणूस पोरीचं बी ऐकंल." ते उठले आणि बाटली त्यांनी कपाटात ठेवून दिली. "जावयाचं परेज चालू हाय तवर ह्या घरात बूच निघायचं नाय. आपल्या खानदानाची रीतच हाय तशी."

नवऱ्याची रोजची बाटली जिला इतकी वर्षं सोडवता आली नव्हती, ती जपमाळ सारजाबाईंनी कपाळाला लावली. एकानं घ्यावं आणि दुसऱ्याला गुण यावा, असं औषध त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. दुसऱ्या दिवशीपासून सार्थकला जेवायचं आमंत्रण रोज सुरू झालं. चिकलठाणा ते पडेगाव, सगळं शहर ओलांडून तो बिचारा पाटवड्या खायला यायचा. नाही आला तर सारजाबाई फोन करायच्या, "जावईबापू, गोळी घेतली ना? मंग या की."

लग्न झालं. फोटो सुंदर आले. जावयाचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा झाला आणि डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं. ही बातमी सार्थकनं पेढे देऊन आधी सारजाबाईंना सांगितली, तशी त्यांनी त्याला घाईनं स्वयंपाकघरात नेलं.

"तुमचे लई उपकार हायत. घर घरासारखं झालं. पर एक मागणं हाय. गोळी बंद झाल्याचं ह्यांना बोलू नगा. दोन-चार पुटकुळ्या ऱ्हायल्यात म्हणा."

सार्थकनं मान हलवली आणि तो गाडीकडे निघाला. फाटकापाशी नानासाहेब एकटेच उभे होते.

"जावईबापू, गोळी बंद झाली ते तुमच्या तोंडावरनंच कळतंय. पर हिला सांगू नगा," ते हळूच म्हणाले. "झोप झ्याक लागतीय बघा आताशा. तोंडाला चव आलीय. पर सोडली म्हणलं की भावकी म्हणणार, नाना भ्याला. तुमच्या गोळीच्या आडोशानं इज्जतीत सुटली. कोर्स चालू हाय असंच ऱ्हाऊ द्या. देव तुमचं भलं करो!"

त्यानंतरच्या रविवारी नानासाहेबांचे चुलतभाऊ बद्रीनाथ खास बाटली घेऊन गच्चीवर आले. नानासाहेबांनी हात जोडले. "जावयाचं परेज चालू हाय. पुटकुळ्या हायत त्यास्नी."

बद्रीनाथांनी चष्मा पुसून जावयाचे दोन्ही गाल नीट पाहिले. "कुठं हायत?"

सार्थकनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आभाळाकडे. भाकरी घेऊन आलेल्या सारजाबाई जिन्यातच थबकल्या.

तेव्हा गोकुळमामा उठले. सार्थकची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ तपास केला.

"हायत," ते म्हणाले. "आतून हायत. लई खोल."