दोरीवरची पानं

आमच्या शेजारच्या कागदआबांच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, पण तिच्यावर कपडे कधीच नसायचे. आबांचं ओलं धोतर कुंपणावर, आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेली लोकांच्या वह्यांची पानं! सांगलीत नदीचं पाणी पेठेत शिरलं की दुकानदार आधी आबांकडे धावत.

आबा पलटणीत कारकून होते. भिजलेलं दप्तर वाळवायला तिथंच शिकले. कुणी पान ओढायला गेलं की ओरडत, "हात मागं! कागदाची ऑर्डर आल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

एका पुरानंतर हळदीचे एक व्यापारी वही पोटाशी धरून आले. शेतकऱ्यांची हळद ते जमिनीतल्या पेवांत ठेवत. पेवं उंचावर असल्यामुळं वाचली होती. पण तोंडं बुजवून वर माती टाकली की सगळी पेवं सारखीच. कुठलं कुणाचं, ते फक्त वहीत. आणि वही घाईनं चुलीपाशी धरल्यामुळं पानं चिकटून तिची वीट झालेली.

"चार दिसांनी शेतकरी येत्यात, आबा. कुनाची हळद कुनाला दिऊ?"

आबांनी वही घेतली आणि सरळ बादलीत बुडवली.

व्यापाऱ्यांनी किंकाळी फोडली. "आवं, पुरातनं वाचली, ती तुमी बुडवली की!"

"पुराचं पानी गढूळ. ह्ये आडाचं हाय. चिकटल्यालं पान पान्यातच सुटतंय. बसा, च्या प्या."

पानं सुटली, वाळली, पण बरीचशी शाई धुऊन गेलेली. आबा पान उन्हात तिरपं धरून टाकाचे ओरखडे वाचू लागले. मला हाक आली, "सूनबाई, चौथी शिकलीस न्हवं? लिही. शिसपेन्सिलीनं. शाई जाती, शिसं ऱ्हातंय."

मी उंबऱ्यात बसून, मान खाली घालून लिहिलं. एका पानावर आबा घटकाभर अडले. व्यापारी देवाचा धावा करू लागले.

"देवाला काय इचारता? त्येला पेवं ठावं न्हाईत," म्हणत आबांनी पान फिरवलं आणि नाव वाचलं.

चौथ्या दिवशी ज्याची हळद त्याला मिळाली.

मी म्हटलं, "आबा, तुमच्या हातून काहीही माघारी येतं."

"लिवल्यालं आसंल तेवढंच, पोरी. तुज्या काकीनं कवा काय लिवलंच न्हाई. शिकवतो म्हनलं की म्हनायची, उद्या."

काकी म्हणजे आबांची बायको; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं बोलणं मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीनं एक पान लिहिलं. भाकरी थापता थापता काकी ओरडायच्या, "पलटनीचं सायब, वाईच पानी शेंदा की!" आणि आबा खरोखरच सलाम ठोकून आडाकडे जायचे, ते सगळं. पान आबांच्या ओट्यावर ठेवलं आणि घरात पळाले.

खिडकीतून पाहिलं. आबांनी ते दोनदा वाचलं. मग उठले, धोतराला हात पुसले आणि पान चिमट्यानं दोरीवर लावलं.

पान तर कोरडंच होतं.