थोरल्या जावयाची गाडी अपडेट होते

रविवारी सकाळी हेमराज नंदनवार हुडकेश्वरच्या आपल्या घरासमोरच्या शेडात नव्या इलेक्ट्रिक गाडीवर फडकं मारत होता. खिशातला मोबाईल वाजला. त्याने तो काढून वाचला आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस अंगणात चक्क उडी मारून ओरडला, "आला! प्रेमिला, आला वं!"

प्रेमिला गाऊनला हात पुसत बाहेर आली. "हळू बोला ना. आनंदराव आले तर आले, 'आला' काय म्हणता? साडू आहेत तुमचे."

"आनंदराव नाही वं, अपडेट आला! गाडीचा!"

हा अपडेट म्हणजे हेमराजच्या अब्रूचा प्रश्न होता. सासरी तो थोरला जावई. पण तो हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आणि धाकटा जावई आनंदराव वाडीला गोदामांचा मालक. त्यामुळे थोरलेपण हेमराजकडे आणि पंख्याखालची खुर्ची आनंदरावांकडे, अशी वाटणी सासरी कधीच पडून गेली होती. मागच्या महिन्यात उमरेडला मेव्हण्याच्या घरी जेवणावर आनंदरावांनी हेमराजच्या गाडीला "चाबीचं खेळणं" म्हटलं आणि पंगत खो खो हसली. हेमराजचं डोकं सटकलं.

"तुमची डिझेल गाडी रोज जुनी होते, आनंदराव," तो म्हणाला होता. "माही गाडी उभ्या उभ्या नवी होते. एक अपडेट येऊ द्या फक्त. मोबाईलचं बटन दाबीन अन् गाडी आपोआप शेडातून बाहेर येईन. आत कोणी नाही, हात लावायचं काम नाही!"

"आली तर मयुराच्या साक्षगंधाले मी तुमच्या गाडीत बसून येतो," आनंदराव मिशीवर हात फिरवत म्हणाले होते. "नाही आली तर तुमी माह्या गाडीत. मागच्या सीटवर. कबूल?"

सगळ्या सासरच्यांच्या देखत हेमराजने कबूल म्हटलं होतं. मयुरा म्हणजे मेव्हण्याची, संजीवची मुलगी. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आज दुपारी होतं, आनंदराव आणि त्यांची बायको प्रीती थोड्याच वेळात हुडकेश्वरला पोचणार होते, आणि कंपनीने अपडेट पाठवला तो नेमका आत्ता. हेमराजला गहिवरून आलं. देव आहे, असं त्याला मनापासून वाटलं.

"पप्पा, डाउनलोड झालंय," मुलगी काजल मोबाईल बघत म्हणाली. "आता फक्त इन्स्टॉल करायचं. पाऊण तास लागतो. गाडी बंद पाहिजे, दरवाजे बंद पाहिजेत अन् आत कोणी नको."

इथेच घोडं अडलं. आत हेमराजचे वडील नत्थूजी होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला, घरातल्या कूलरचा पंप कालच जळलेला. घरात थंड हवेची एकमेव जागा म्हणजे ही गाडी. नत्थूजी पहाटेच उशी घेऊन मागच्या सीटवर येऊन झोपले होते आणि एसीत त्यांना अशी झोप लागली होती की घोरण्याने काच थरथरत होती.

हेमराजने दार उघडून त्यांना हलवलं. "बाबा, उठा. गाडीत नवीन प्रोग्राम भरायचा आहे."

"भर ना. मी काय तुहा हात धरला?"

"तुमी आत असले तर होत नाही ना! हे हवेतून येते, बाबा. कंपनीतून निघते, मोबाईलच्या टॉवरवरून गाडीत शिरते, अन् गाडीचं डोकंच बदलते. मेकॅनिक नाही, पाना नाही."

"हवेतून?" नत्थूजींनी बाहेर रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. "या हवेतून चांगलं काय येईन गा?"

नत्थूजींचं आयुष्य हातमागावर गेलं होतं. हेमराजला एकदम सुचलं. "मागावर लुगडं विणता विणता काठाचं डिझाईन बदलता येत होतं का?"

"काहीतरीच! माग थांबवा लागते."

"तसंच हे. गाडी थांबवा लागते अन् विणणारा उठवा लागते."

हे नत्थूजींना पटलं. ते उठले, उशी काखोटीला मारली आणि कुरकुरत बाहेर आले. हेमराजने दार लावलं, देवाचं नाव घेतलं आणि बटन दाबलं. कुलपं खटाखट पडली, आरसे मिटले, स्क्रीन काळी झाली. मोबाईलवर एक बारीक निळी रेघ सरकायला लागली. तेवढ्यात मागून प्रेमिलाची किंकाळी आली.

"माहा शालू!"

शालू गाडीत होता. एसीत इस्त्री मोडत नाही म्हणून तिने सकाळीच तो मागच्या हुकाला लटकवला होता. शेजारी हेमराजचा नवा कुर्ता, खाली ओटीच्या सामानाची पिशवी. नत्थूजीही अंगणातल्या तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागले. "माह्या चपला आतच राहिल्या गा! पाय भाजून राहिले!"

"उघडा ना दार!" प्रेमिला म्हणाली.

"उघडता येत नाही. मधात उघडलं तर अपडेट फसते."

"मग मी साक्षगंधाले काय गाऊनवर जाऊ?"

"पाऊण तास, प्रेमिला. फक्त पाऊण तास. माह्या अब्रूसाठी!"

हेमराज डोक्याला दुपट्टा गुंडाळून, दोन्ही हात पसरून गाडीच्या दारासमोर उभा राहिला. बायको एका बाजूने चाल करून येत होती, बाप दुसऱ्या बाजूने. त्याच वेळी फाटकाबाहेर डिझेलचं इंजिन घरघरलं आणि पांढऱ्याशुभ्र सफारी सूटमधले आनंदराव उतरले. मागून प्रीती उतरली, नखशिखांत नटलेली. तिने गाऊनमधल्या बहिणीला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"ताई, तू अजून तयार नाही?"

"माहं नशीब गाडीत आहे," प्रेमिला म्हणाली.

आनंदरावांनी काळ्या पडलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवर टकटक केली. "गेली का हो हेमराजभाऊ?" त्यांच्या आवाजात सांत्वन होतं, पण मिशी हसत होती. "धक्का मारू का?"

"हात लावू नका!" हेमराज ओरडला. "ऑपरेशन चालू आहे."

"डॉक्टर कुठं आहे पण?"

"डॉक्टर पुण्याले बसला आहे. तिथूनच करून राहिला."

आनंदराव खुर्ची ओढून आंब्याखाली बसले आणि कार्यक्रम बघावा तसे बघायला लागले. शेजारचा विक्की भिंतीवरून वाकून चौकशी करू लागला, त्याच्या घरचेही आले. आणि अशा भरल्या मैफलीत ती निळी रेघ अर्ध्यावर येऊन थांबली. हेमराजने मोबाईल झटकला, पुसला, उन्हात धरला, सावलीत धरला. रेघ ढिम्म. त्याच्या कपाळावरचा घाम दुपट्ट्यातून गळायला लागला. सगळ्या सासरच्यांसमोर डिझेल गाडीच्या मागच्या सीटवरून उतरणारा आपण, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी थंडपणे म्हणाली, "सर, गाड़ी को डिस्टर्ब मत कीजिए. अपने आप हो जाएगा."

"कोणी डिस्टर्ब करू नका गाडीले!" हेमराजने फर्मान काढलं. "विक्की, तू भिंतीवरून उतर!"

"म्या काय केलं, काका?"

"उतर म्हटलं ना!"

विक्की उतरला. आणि काय योगायोग असेल तो असो, रेघ सरकली. सरकत सरकत टोकाला पोचली. कुलपं खटाखट उघडली, दिवे लखलखले, आरसे कान टवकारल्यासारखे उघडले. प्रेमिला शालूवर झडप घालून घरात पळाली, नत्थूजींनी चपलांत पाय घातले, आणि हेमराजने अंगठ्याने मोबाईलवरचं नवंकोरं बटन दाबलं.

गाडी हलली. आत कोणी नाही, स्टीअरिंग आपलं आपण जरासं वळतंय, आणि गाडी मुंगीच्या पावलाने शेडातून बाहेर येतेय. आनंदराव खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. तेवढ्यात नत्थूजी नीट दिसावं म्हणून थेट गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले.

"आजोबा!" काजल किंचाळली.

गाडी हातभर अंतरावर आली आणि गपकन थांबली. नत्थूजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग हात उंचावून आशीर्वाद दिला. "पाहा. घरच्या पोराले समजत नाही, पण हिले समजते मोठ्या माणसासमोर कसं थांबावं ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विक्कीने शिट्टी मारली. हेमराजच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा त्याने आनंदरावांच्या मिशीची टोकं खाली वळलेली पाहिली.

"मानलं, भाऊ," आनंदराव म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. मी तुमच्या गाडीत येतो." आणि ते पुढचं दार उघडून थंडगार एसीत जाऊन बसले. "वा! आवाजच नाही वं प्रीती. ये, बस."

प्रीती मागे बसली. शालू नेसून आलेली प्रेमिला बहिणीशेजारी बसली. नत्थूजी तर आपल्या उशीच्या जागी आधीच बसले होते. हेमराज दिमाखात ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला.

"तू कुठं चालला गा?" नत्थूजींनी विचारलं.

"गाडी चालवाले."

"आता तर ते आपोआप चालते ना? मग तुहं काय काम?"

हेमराज उत्तर द्यायला त्यांच्याकडे वळला. गाडी फक्त शेडातून बाहेर येते आणि आत जाते, रस्त्यावर तिला माणूस लागतोच, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण समोर आनंदराव कान देऊन बसले होते. एवढ्या घामाने कमावलेला विजय आपल्याच तोंडाने बारीक करायचा?

"तरी कोणी बसलेलं बरं," तो कसाबसा म्हणाला.

"मी बसते ना, पप्पा," काजल म्हणाली. तिचं पक्कं लायसन महिन्यापूर्वीच आलं होतं. ती स्टीअरिंगमागे बसली आणि गाडी भरली.

आनंदरावांनी काच खाली करून आपली चाबी हेमराजच्या हातावर ठेवली. "माहीवाली तुमी घेऊन या. फळांच्या टोपल्या आहेत तिच्यात. एसी लावू नका मात्र, इंजिन तापते."

काच वर गेली. गाडी निःशब्दपणे गल्लीच्या टोकाशी वळली. हेमराजचा नवा कुर्ता तिच्या हुकाला डोलत होता.

उमरेड रोडवर काचा उघड्या टाकून, लूच्या गरम झळा अंगावर घेत, संत्री-केळ्यांच्या वासात हेमराज आपल्याच गाडीमागे धावत राहिला. तरीही राग येईना. पुढे चाललेली ती चकचकीत पाठ बघून त्याचा ऊर भरून येत होता. आली होती ना बाहेर? सगळ्यांनी पाहिली होती ना?

तो संजीवच्या घरी पोचला तेव्हा मांडवात गलका चालू होता. बाजूला उभ्या गाडीभोवती नवरदेवाकडची माणसं गोळा झाली होती आणि मधोमध आनंदराव हातवारे करून त्यांना काहीतरी समजावत होते. त्यांच्या खांद्यावर मानाचा शेला पडलेला होता. फाटकाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाने घामेजलेल्या, डोक्याला दुपट्टा बांधलेल्या हेमराजकडे पाहिलं.

"गाडी तिकडं लिंबाखाली लाव गा. टोपल्या उतरव. बाकीचे ड्रायव्हर तिथंच बसले आहेत, चहा तिथंच येईन."

आता मात्र हेमराजला चांगलंच झोंबलं. तो तोंड उघडणार होता, पण मागून हॉर्न वाजला म्हणून त्याने आधी गाडी लिंबाखाली घेतली. तिथे खाटेवर दोघे-तिघे ड्रायव्हर बसले होते. एकाने सरकून त्याला जागा दिली, प्यायला गार पाणी दिलं आणि मांडवाकडे बोट दाखवलं.

"भाऊ, ते बिनआवाजाची गाडी तुमच्याच पार्टीची ना? आपोआप बाहेर येते म्हणून राहिले लोक. खरं आहे का?"

हेमराज उठणार होता. पण हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तो महिनाभर तळमळत होता, आणि आजवर एकानेही तो असा डोळे मोठे करून विचारला नव्हता. त्याने पाण्याचा लोटा खाली ठेवला, मांडी घातली आणि सुरुवात केली. कंपनीतून प्रोग्राम कसा निघतो, टॉवरवरून गाडीत कसा शिरतो, गाडी बंद काहून ठेवा लागते, रेघ अर्ध्यावर थांबली तर जीव कसा टांगणीला लागतो. ड्रायव्हर खाटेवर पुढे सरकले. दोघे आणखी येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही, कोणी मिशीवर हात फिरवला नाही. चहा आला आणि थंड झाला. हेमराजचा चेहरा असा फुलला होता की मांडवातून त्याला शोधत आलेला संजीव, हातात थोरल्या जावयासाठी आणलेला शेला घेऊन, ऐकतच उभा राहिला.

बोलणं संपलं तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या ड्रायव्हरने कौतुकाने हेमराजच्या पाठीवर थाप मारली.

"नशीबवान आहेस, बाबू," तो मांडवातल्या आनंदरावांकडे पाहून म्हणाला. "मालकानं लय जीव लावून शिकवलं तुले."