खोलीचा स्टॉपर

रविवारी सकाळी बायको वॉर्निश आणायला बाहेर पडली आणि मी ठरवलं, ती परत येईपर्यंत मशीन दुरुस्त करून ठेवायचं. एवढंच. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'एवढंच' या शब्दापासून सुरू झालेली आहेत.)

मशीन म्हणजे ड्रिल मशीन. हातात धरून भिंतीला भोक पाडतात ते नव्हे. हे टेबलावर पक्कं बसवलेलं, चांगलं हातभर उंच, गंभीर चेहऱ्याचं. सासरे चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते लेकीला दिलं. जावयाला मनगटी घड्याळ दिलं. कोणाच्या हाती काय सुरक्षित राहील हे त्यांना बरोबर कळतं.

बायको मागच्या खोलीत लाकडी वस्तू बनवते. आजवर ओळखीपाळखीत जायच्या. पण या वेळी एका शाळेने पेन्सिली ठेवायच्या चाळीस ठोकळ्यांची ऑर्डर दिली होती. एकेका ठोकळ्यात सहा भोकं, प्रत्येक भोक चाळीस मिलिमीटर खोल. मुख्याध्यापिकाबाई रविवारी चार वाजता स्वतः न्यायला येणार होत्या आणि माल पसंत पडला तर पुढची सगळी कामं बायकोलाच मिळणार होती. ती आठ दिवस झोपेत आकडे पुटपुटत होती. शनिवारपर्यंत सव्वीस ठोकळे झाले आणि मशीनने दगा दिला.

झालं असं, की या मशीनचं हँडल ओढलं की भोक पाडणारं फिरतं बिट खाली येतं. किती खाली यायचं, ते बाजूच्या उभ्या दांड्यावरचा एक नट ठरवतो. दांडा बिटाबरोबर खाली येतो, नट मशीनवरच्या पट्टीला टेकला की सगळं थांबतं. याला खोलीचा स्टॉपर म्हणतात. नटाचे आटे झिजल्यामुळे तो थरथरत हळूहळू वर सरकत होता आणि बिट ठोकळ्यातून आरपार जात होतं. अशा ठोकळ्यात वरून पेन्सिल घातली की ती खालून बाहेर येते. मी सुचवलं होतं, की ठोकळा टेबलावरून उचललाच नाही तर पेन्सिली कुठे जाणार आहेत? बायकोने वडिलांना फोन केला. ते दोन वाजता येतो म्हणाले.

इथेच माझा स्वाभिमान जागा झाला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांच्या घरी हौसेने एक फळी ठोकून दिली होती. ती पडली. वर त्यांना कारखान्यात बक्षीस मिळालेल्या ढाली होत्या, खाली ते स्वतः होते. तेव्हापासून अकरा वर्षं ते मला फक्त टॉर्च धरायला सांगतात, आणि धरली की म्हणतात, "इकडे नव्हे."

तर मी तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि खोलीचा स्टॉपर मागितला. दुकानदार तत्पर माणूस. त्याने विचारलं, "कुठल्या खोलीचा?"

"चाळीस मिलिमीटर," मी म्हणालो.

काउंटरवरून वाकून हळू आवाजात त्याने विचारलं, की एवढ्याशा खोलीत राहतं कोण. मी म्हणालो, पेन्सिली. त्यावर त्याने पुढे काही न विचारता दाराखाली सारायचा एक रबरी स्टॉपर माझ्या हातात ठेवला. मागे रांगेत चार माणसं उभी होती, त्यामुळे मला हवा होता तो हाच, असा चेहरा मी केला. (ऑफिसात वीस वर्षं मी हाच चेहरा वापरतो.) निघताना काउंटरवर गोंदाची छोटी ट्यूब दिसली. 'एक थेंब, जन्माची साथ' असं तिच्यावर लिहिलं होतं. मला वाटलं, नट सरकतो हाच दोष असेल, तर त्याला सरकूच द्यायचा नाही.

घरी येऊन मी दांडा पॉलिश पेपरने घासून लख्ख केला. कधी नव्हे ते काम नीट केलं, आणि तेच नडलं. डाव्या हाताच्या तीन बोटांनी नट वर उचलून धरला, म्हणजे खाली गोंद लावता येईल, आणि ट्यूब दाबली. एक थेंब येईना. जोरात दाबली. मग जन्माची साथ एकदमच आली.

नट जिथे हवा होता त्याच्या चांगला चार बोटं वर पक्का बसला. माझी तीन बोटंही तिथेच बसली. मी ओढून पाहिलं. बोटं सुटली नाहीत, पण मशीनचा दांडा खाली आला. बोटं ढिली सोडली, दांडा स्प्रिंगने वर गेला आणि माझा हातही गेला. बायको वॉर्निश घेऊन दारात आली तेव्हा मी आणि मशीन असे वरखाली होत होतो.

तिने वॉर्निशचा डबा अगदी सावकाश खाली ठेवला. "अहो, हात काढा तिथून," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तीच तर अडचण आहे."

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना तिने फोन केला. त्यांनी सांगितलं, की कोमट साबणाच्या पाण्यात हात तासभर बुडवून ठेवा, नाहीतर नेलपॉलिश काढायचं औषध लावा. मशीनसकट हात बुडवायला घरात तेवढी मोठी बादली नव्हती आणि औषधाची बाटली केव्हाच वाळून गेली होती. तेव्हा तिने वडिलांनाच फोन करून येताना आणायला सांगितलं. बहात्तर वर्षांचे सासरे आयुष्यात पहिल्यांदा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेले, 'नेलपॉलिशचं काहीतरी' म्हणाले आणि गडद लाल नेलपॉलिश घेऊन दोन वाजता हजर झाले. दुकानातल्या मुलीने त्यांच्या एका बोटावर ते लावूनही दाखवलं होतं.

मला पाहून त्यांनी चष्मा पुसला, मशीनभोवती एक फेरी मारली, माझ्याभोवतीही मारली. बायको एका स्टुलावर बसून रडण्याच्या बेतात होती. चौदा ठोकळे बाकी, दोन तास हातात, आणि मशीनला नवरा चिकटलेला. मला खरंच स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "बाबा, बोटं गेली तरी चालतील, पण हिची ऑर्डर जायला नको." (बोटांबाबत मी तितकासा गंभीर नव्हतो.)

सासऱ्यांनी माझ्या कोपराला हात लावून पाहिला. मग हँडल थोडं ओढलं. दांड्याबरोबर माझा हात खाली आला, कोपर टेबलाच्या दिशेने गेलं. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक आली.

"जावईबापू," ते म्हणाले, "कोपर टेकवा बघू."

मला स्टुलावर बसवण्यात आलं. बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, उजवा हात पाठीमागे ठेवायला सांगितला. कोपराखाली लाकडाचे तुकडे आणि पुस्तकं रचली. बायकोने वाया गेलेला एक ठोकळा लावला आणि हँडल ओढलं. कोपर पुस्तकांना टेकलं, बिट थांबलं. सासऱ्यांनी भोक मोजलं. बेचाळीस. त्यांनी कोपराखाली माझी ऑफिसची पातळ डायरी सारली. एकोणचाळीस. डायरीचा पुठ्ठा फाडून काढला. बरोबर चाळीस.

त्यानंतर दीड तास मी स्टॉपर होतो. चौऱ्याऐंशी भोकं. सासरे प्रत्येक भोक मोजत होते आणि माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलत होते. म्हणाले, हाड चांगलं आहे, दबत नाही. एकदा मला शिंक येणार होती, तेव्हा मशीन बंद करून दोघं माझ्याकडे बघत थांबले. ती आली नाही. नाक बायकोने खाजवून दिलं. शेवटच्या भोकानंतर सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. ठोकळे त्यांना फार आवडले, वॉर्निश मागाहून चालेल म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. हे रोज इथे असेच असतात का, असं त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "नाही, एरवी ऑफिसला असतात." सगळा प्रकार ऐकल्यावर बाईंनी पर्समधून नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली काढली आणि शाळेत गोंदाने चिकटलेल्या मुलांना सोडवतात तशा सराईतपणे पाच मिनिटांत मला सोडवलं. जुना दांडा मोकळा झाल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून आणलेला नवा दांडा बसवला, त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले, चाळीसच्या जागी नेलपॉलिशने लाल रेघ मारली. काम संपलं. सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळाकडे मी पाहिलं नाही.

मात्र त्या दिवसापासून माझी कॉलर ताठ झाली. ऑफिसात मी दोघातिघांना यंत्रांविषयी सल्लाही दिला. आणि मागच्या शुक्रवारी चक्क सासऱ्यांचा फोन आला. त्यांच्या जुन्या मित्राकडे अगदी तसंच मशीन आहे, त्याचाही स्टॉपर सरकतोय, नवा दांडा यायला आठवडा लागेल आणि काम तर तातडीचं आहे. रविवारी येता का, असं त्यांनी मला विचारलं. मला! बायकोला ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवून विचारलं, की पाने आणू का, पॉलिश पेपर आणू का, आणखी काय अवजारं लागतील.

"काही आणू नका," सासरे म्हणाले. "अर्ध्या बाहीचा शर्ट घालून या. गोंद आहे आमच्याकडे."