लखीरामचं लायसन

"भेटलं! धने, भेटलं!" लखीराम राठोडनं मोटारसायकल अंगणात नीट उभीही केली नाही, तशीच भिंतीला टेकवली आणि घरात धावला.

धनीबाई भाकरी थापत होती. "काय भेटलं?"

"शाळेचं छप्पर!"

"हरपलं होतं काय?"

"तसं नाई व! शाळेच्या चारी खोल्यांवर नवे पत्रे टाकणार हायेत. हेडमास्तर म्हणे, लखीराम, तूच करशीन तं बरं. चार खोल्या, धने! पण…"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे या 'पण'ची धनीबाई वाटच पाहत होती.

"पण लायसन पायजे. नोंदणीवाला ठेकेदार पायजे म्हणते. येत्या शुक्रवारी शेवटची तारीख."

आता, शिरपूरच्या आसपास लखीरामनं पत्रे टाकले नाहीत असं घर शोधावं लागेल. पण त्याला लायसन कधी कोणी विचारलं नव्हतं. नवीन छप्पर असेल तर मजुरी, आणि गळती काढायची असेल तर चहा, असा त्याचा दर सगळ्या गावाला पाठ होता. गळतीचे पैसे मागणं म्हणजे पाहुण्याकडून पाण्याचे पैसे घेणं, असं त्याचा बाप सांगून गेला होता. गावानंही ते वाक्य फार जपून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रातल्या मंजूनं यादी वाचून दाखवली. नोंदणी फी, अनामत, स्टॅम्पपेपर, फोटो, झेरॉक्स. घरात होतं नव्हतं ते त्यातच गेलं. "अन् भाऊ, दहा घरमालकांचे दाखले. 'लखीराम राठोड यांचे काम समाधानकारक असून छप्पर गळत नाही.' मंग साहेब पत्ता पाहाले येतीन."

"दहाच? मी शंभर आणतो!" लखीराम उड्या मारतच निघाला. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

पहिलं घर मारोतरावांचं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. "हे काय लिवलं? छप्पर गळत नाही?"

"हो, काका."

"गळते."

"कुठी?"

"माह्या खाटेवर."

"मंग खाट सरकवा ना जराशी!"

"खाट सरकवली म्हणून गळणं बंद होते काय? सत्तर वर्स झाले, खोट्या कागदावर सही केली नाई मी." ते खरंच होतं. त्यांना आजवर कोणी सहीच मागितली नव्हती.

लखीराम शिडी घेऊन वर चढला. पत्रा गंजून चाळणी झाला होता, बदलायलाच हवा होता. मारोतराव म्हणाले, पत्रा आणायला सध्या सवड नाही, सोयाबीनचं बियाणं पाहायचंय. लखीरामच्या खिशात तर झेरॉक्सच्या पावत्याच उरल्या होत्या. मग त्याच्या डोक्यात एक झकास विचार आला. मे महिना आहे, आभाळ कोरडं ठाक आहे. आपल्या घरावरचा एक पत्रा काढला तर कोण पाहून राह्यलं? त्यानं तो काढला, मारोतरावांकडे बसवला, चहा प्याला आणि सही घेतली.

लिलाबाईकडे वानरांनी दोन पत्रे दबवले होते.

"वानरं उड्या मारतेत, त्यात माही काय चूक, बाई?"

"तूच म्हणला होतास, वर हत्ती नाचला तरी काई होत नाई."

म्हणाला होता खरा. दोन पत्रे गेले.

राजपालच्या गोठ्याला एक. मग एकाच्या न्हाणीला एक, दुसऱ्याच्या ओसरीला दोन. दाखल्याची बातमी लखीरामच्या आधी धावत होती. तो दारात पोचायच्या आत लोक भिंतीला शिडी लावून, चहा चुलीवर ठेवून तयार असत. बुधवारी संध्याकाळी दहावी सही झाली तेव्हा लखीरामच्या घरावरचे चौदाही पत्रे गावभर पसरले होते आणि धनीबाई भाकरी थापता थापता घारी मोजत होती.

"एका कागदासाठी घर उघडं केलं तुमी," ती म्हणाली. "हे लायसन नाई भेटलं ना, तं मी माहेरी चालली. तिथं निदान वर पत्रे हायेत."

"भेटते! दहा सह्या हायेत, धने! शाळेचे पैसे आले का आपल्या घरी नवेकोरे पत्रे!"

तेवढ्यात मंजूचा फोन आला. "भाऊ, साहेब उद्या अकराले घरी येऊन राह्यले. घराचा फोटो काढतेत, बरं का."

लखीरामनं वर पाहिलं. पत्र्याच्या ठेकेदाराच्या घरालाच छप्पर नाही! असा फोटो गेला तर अर्ज तिथंच फाटणार. सकाळी सहापासून तो दारोदार पळाला. "एका घंट्यासाठी वापस द्या, साहेब गेले का पुन्हा लावतो."

राजपालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देतो रे. पण साहेब तपासाले माह्या गोठ्यात आला तं? वर भोक दिसन, दाखला खोटा पडन, तुहं लायसन जाईन. मी तुह्याच भल्यासाठी नाई म्हणून राह्यलो."

दहाही घरांनी त्याच्या भल्याचाच विचार केला.

धनीबाईनं साड्या जोडून वर ताणल्या. साडेदहाला वारा सुटला आणि तिची पैठणी निंबाच्या शेंड्यावर जाऊन बसली. अकराला साहेब आले. दारातून आत आले ते थेट उन्हात.

"छप्पर कुठाय?"

लखीरामला खोटं बोलायचं होतं, पण एवढं मोठं भोक झाकेल असं खोटं त्याला सुचेना. त्यानं बोट दाखवायला सुरुवात केली. "एक मारोतरावाकडं, सायेब. दोन लिलाबाईकडं. एक त्या गोठ्यावर…"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दहा दाखले हातात घेऊन गावात शिरले, स्वतः शिडीवर चढले, प्रत्येक छपरावर बादलीभर पाणी ओतवलं आणि खाली जाऊन वर पाहिलं. मागे अख्खं गाव. लखीराम मनातल्या मनात सेवालाल महाराजांना नवस बोलत होता. दहाव्या छपरावरची बादली रिकामी झाली. थेंब नाही!

"बावीस वर्षांच्या नोकरीत खरे दाखले पहिल्यांदाच पाहतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिथंच सही केली, शिक्का मारला. लखीरामनं राजपालला उचलूनच घेतलं. कोणी शिट्टी मारली, कोणी गुलाल शोधायला पळालं. धनीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाली.

"एक लक्षात ठेवा," साहेब गाडीत बसता बसता म्हणाले. "आता तुम्ही नोंदणीकृत ठेकेदार. लहान काम असो की मोठं, दरपत्रकाप्रमाणे पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची. चहावर काम बंद."

शिट्टीवाल्यानं तोंडातली बोटं काढली.

मारोतराव हळूच पुढे आले. "सायेब, तो माहा दाखला वापस भेटन काय? आता आठवलं, जरासक ठिपकते अजून."

"सही झाली, काका."

"आन हे लायसन लागू कवापासून?"

"उद्या सकाळपासून."

साहेबांची गाडी वळणाआड जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग एकदम धूळ उडाली. ज्याला त्याला आपापली गळती आठवली, दाखला न मागितलेली घरंही जागी झाली आणि पाच मिनिटांत लखीरामच्या अंगणात तेवीस माणसं आणि नऊ शिड्या उभ्या राहिल्या. "आजचा दिवस हाये रे, लखीराम! चहा ठेवला, चाल!" लखीरामनं हातोडी उचललीसुद्धा. सवय!

धनीबाई दारात आडवी उभी राहिली. "ज्याले आज काम पायजे, त्यानं पयले एक पत्रा आमच्या घरावर टाकाव. नवा नसन तं जुना चालन. गंजका चालणार नाई."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. उद्याचं दरपत्रक डोळ्यांपुढे आणलं. आणि गुपचूप घराकडे वळले.

दिवस मावळायच्या आत धनीबाईच्या डोक्यावर छप्पर होतं, आणि जास्तीचे नऊ पत्रे भिंतीला टेकून उभे होते. सहा गळत्या काढून घामानं निथळत आलेला लखीराम ते पाहतच राहिला.

"अवं, दर ठरवाचा तं लायसनवाल्यानं ना?"

"तुमचं लायसन उद्यापासून," धनीबाई म्हणाली. "माहं आजपासून."