सत्यमनं दरवाजा उघडला

नंदाबाईंनी टेम्पोत पाय ठेवला तो झेंडूच्या पाकळ्यांची पाटी कडेवर घेऊनच. टाकव्याहून लोणावळ्याला, दुपारच्या खेळाला, बावीस माणसं निघाली होती आणि प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट बजावली होती.

"माझा सत्यम पडद्यावर दिसला की मूठ मूठ उधळायची. हात आखडायचा न्हाई. सोयरे बघत्यात."

सोयरे म्हणजे वडगावचे दत्तोबा. त्यांची कोमल सत्यमला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. तेवढ्यात गावामागच्या डोंगरावर ज्याचं शूटिंग झालं, तो सूडाचा ऐतिहासिक पिच्चर लागला. सत्यम त्यात पंधरा दिवस कामाला होता. "मावळ्यांत असतोय," एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पुढचं सगळं नंदाबाईंनी आपल्या पदरचं घालून गावभर केलं. सत्यम सरदाराच्या उजव्या हाताला, सत्यमच्या हातात निशाण, सत्यमशिवाय सरदाराचं पान हलत नाही. शेवटी दत्तोबांना फोन लावला, "भाऊ, पोरगं कसं हाय ते आता पडद्यावरच बघा. आमी न्यायला येतो."

"आये, मी न्हाई येत. गाडी सर्व्हिसिंगला न्यायचीय," सत्यम सकाळपासून म्हणत होता.

"गाडी उद्या ने. आपल्या घरातला गडी कुटं लाजलाय आजपतुर?"

थेटरात नंदाबाई मधोमध बसल्या. एका हाताला जाऊ लीलाबाई, दुसऱ्या हाताला दत्तोबा, त्यांची बायको कस्तुराबाई आणि कोमल. सत्यम पार भिंतीकडच्या खुर्चीत, मान खाली घालून.

पडद्यावर पहाट होती. गड झोपला होता. एक माणूस चोरपावलांनी दरवाजापाशी आला, त्यानं वळून पाहिलं, आणि मशालीच्या उजेडात सत्यमचं तोंड भिंतीएवढं दिसलं.

टाकवेकरांनी पाकळ्या उधळल्या. "सत्या रं सत्या," असा गजर झाला. तिकडं सत्यमनं अडसर काढला, दरवाजा उघडला आणि गनीम आत शिरला.

"थांबा," नंदाबाई म्हणाल्या. पण बजावलेलं ते बजावलेलं. मागच्या रांगेनं पाटी रिकामी होईपर्यंत हात आखडला नाही. पडद्यावर म्हाताऱ्या सरदाराला गनीम कापत होता आणि खाली दत्तोबांच्या टोपीवर झेंडू पडत होता.

"ओ मावशी," मागून एकजण म्हणाला, "तुमी नक्की कुणाकडनं?"

पुढचे दोन तास म्हाताऱ्याचा मुलगा दरवाजा उघडणाऱ्याला हुडकत हिंडला. पिच्चरात दुसरं कामच नव्हतं कुणाला. घोडी उधळली, नद्या ओलांडल्या, तलवारी अशा लखलखल्या की पोरं खुर्चीवर उभी राहिली. पिच्चर वाईट म्हणायची सोय नव्हती, हेच नंदाबाईंचं दुखणं. वाईट असता तर माणसं अर्ध्यातून उठून तरी गेली असती. इथं लघवीलाही कोणी हललं नाही.

शेवटी सत्यम सापडला. त्यानं सरदाराच्या पोराचे पाय धरले. "चुकलं माझं," तो रडत म्हणाला. "लोभ झाला. चुकलं." लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग तलवार फिरली, आणि अख्ख्या थेटरात सगळ्यात मोठी शिट्टी वाजली ती नंदाबाईंच्या शेजारच्या खुर्चीतून. दत्तोबांनी दोन बोटं तोंडातून काढली आणि धोतराला पुसली.

बाहेर आल्यावर ते कुणाकडं न बघता म्हणाले, "पिच्चर झ्याक हाय." चहालासुद्धा थांबले नाहीत. बायकोपोरीला घेऊन तडक लोकलला गेले.

गावात तोंड काढायची चोरी झाली. डेअरीवर दूध घालायला आलेला पप्पू म्हणाला, "मावशी, सत्यमला सांगा, आमच्या गोठ्याचं फाटक तेवढं झाकलेलं ऱ्हाऊ दे." लीलाबाईंनी तर धुणं धुता धुता गुणच गायले, "काय बी म्हण नंदे, पिच्चर एक नंबर. घोडी काय, गाणी काय. आन शेवट तर लयच..."

"शेवटाचं नाव काडलंस तर ह्या दगडावर धुणं न्हाई, तुला आपटीन."

घरी सत्यम ताटावर गप्प बसलेला. "आये, त्यांला भोळ्या तोंडाचा माणूस पायजे होता. दोनशे जणांतनं मला काडला."

"मंग आदी का न्हाई बोललास?"

"तू बोलू दिलंस का?"

नंदाबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

चार दिवस वडगावचा फोन नाही. जुळलेली सोयरीक मोडली, तर या बदलौकिकाच्या पोराला पोरगी देणार कोण? पाचव्या दिवशी नंदाबाई एकट्याच एसटीत बसल्या. आजवर त्या कुणाच्या दारी आपण होऊन गेल्या नव्हत्या. तोंडाला पदर लावून सगळ्या वाटेनं त्या पुटपुटत होत्या, "चुकलं आमचं... भाऊ, चुकलं आमचं." चाळीस वर्षं घर हाकलं, पण हा शब्द कधी तोंडात घेतला नव्हता. शिळ्या भाकरीसारखा तो टाळ्याला चिकटत होता.

दत्तोबा ओसरीवर होते. नंदाबाईंना बघून ते खांबाकडं बघू लागले. कस्तुराबाईंनी पाणी दिलं.

नंदाबाईंनी घसा खाकरला. तेवढ्यात कोमल चहा घेऊन आली.

"आबा, तुम्ही सांगताय का मी सांगू?"

दत्तोबांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली.

"मावशी, तो पिच्चर मी परत दोनदा बघितला. शेवटासाठी."

"पोरी, ते समदं खोटं असतंय."

"असू दे. पण बाप्या माणसाच्या तोंडून 'चुकलं माझं' हे मी पहिल्यांदा ऐकलं. ज्याला खोटं का होईना म्हणता येतं, त्याला खरंपण शिकवता येईल. आमच्या घरात तर तेवढीही आशा नाही."

"बगा की," कस्तुराबाई म्हणाल्या. "जावयाचं मुंडकं उडालं तवा ह्यांनी शिट्टी मारली, म्हनून चार दिस तोंड लपवून बसल्यात. म्हनलं फोन लावा, चुकलं म्हना, आन सुपारीचा दिवस धरा. तर न्हाई. जीभ झिजती."

"शिट्टी आपोआप वाजली," दत्तोबा खांबाला म्हणाले.

नंदाबाईंनी पाठ ताठ केली. वाटभर घोकून ओठापर्यंत आणलेला शब्द त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

"मी काय त्यासाठी आले न्हवते," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "बाजाराला आल्ते. म्हटलं, जाता जाता डोकवावं."

कोमलनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि समोर मांडी घालून निवांत बसली.

"बाजार कालच झाला, मावशी," ती म्हणाली.