हळू बोला, आबा

मुरगूडच्या एस.टी. स्टँडबाहेर चहाच्या गाड्यावर गणपतरावांनी चार माणसांदेखत सांगून टाकलं, "जातोय आणि पोराला घेऊन येतोय. पंधरा दिवस. सोळावा न्हाय." आता गणपतराव बोलले म्हणजे ते चार माणसांपुरतं राहत नाही. पलीकडच्या सलूनात अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकालाही ते कळलं. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस! तिथं शेजारच्याकडं चिमूटभर तंबाखू मागायची तरी बोंब मारावी लागते. कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला.

पोरगा राजवर्धन चार वर्षं युगांडातल्या एका साखर कारखान्यात होता. पगार झकास, क्वार्टर झकास, गावाकडं यायला तेवढी सवड नाही. इकडं त्याच्या आईचं, चिमणाबाईंचं, काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, फार दिवस धरून चालू नका. पण हे फोनवर कळवायचं नाही, असं चिमणाबाईंनीच नवऱ्याला बजावलं होतं. परमुलखात एकटा हाय, हबकंल. समोर बसवून मायेनं सांगा आणि घेऊन या.

त्यात काय एवढं, असं गणपतरावांना वाटलं. बिचारे!

तेरा दिवस गेले. पोरगा अंधारात कामावर जायचा आणि दिवे लागल्यावर परत यायचा. ताटावर बसल्यावर गणपतरावांनी "राजा, तुझी आई..." एवढं म्हणावं, की तो भिंतीकडं बघत म्हणायचा, "आबा, हळू. पलीकडं साहेब राहतात." मग आईची गोष्ट आमटीबरोबर गिळावी लागायची. असलं दुखणं हळू कसं सांगायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

चौदाव्या दिवशी रविवार होता. दुसऱ्या दिवशी गणपतरावांचं विमान. राजवर्धननं साहेब आणि साहेबांच्या बायकोबरोबर चिंपांझी बघायला जायचं ठरवलं होतं, मोठ्या पावसाळी जंगलात मोकळे फिरणारे. गणपतरावांना माकडांचं कवतिक नव्हतं. पोरगा दिवसभर हाताशी राहणार, ह्यातच ते खूश होते.

जंगल कसलं, दिवसाढवळ्या काळोख! वरून पाणी ठिबकतंय, खाली चिखल, उन्हाचा पत्ता नाही. खांद्याला बंदूक अडकवलेल्या वनरक्षक बाईंनी नियम सांगितले. चिंपांझींपासून लांब राहायचं, बोट दाखवायचं नाही, खायचं नाही. मुंग्यांचे तांडे असतात, तेव्हा पँटी मोज्यांत खोचायच्या. गणपतरावांनी मुकाट खोचल्या. राजवर्धननं खोचल्या नाहीत, साहेबांपुढं बावळट दिसतं म्हणून.

पाव कोसही गेले नसतील, तोच झाडावर लांब पांढऱ्या शेपट्यांची काळी माकडं दिसली. साहेबांच्या बायकोनं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि गणपतराव म्हणाले, "आयला, शेपूट बघ की रं!"

फांद्या हलल्या आणि झाड मोकळं झालं. दोन डोंगर पलीकडची पाखरंसुद्धा उडाली असतील. कॅमेऱ्यात नुसता पाला आला.

राजवर्धननं बापाला बाजूला घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. "आबा, माझं पुढच्या तीन वर्षांचं काम साहेबांच्या हातात हाय. आता बोलूच नका. हळूसुद्धा नगं."

पुढची तीन वर्षं! चिमणाबाईंकडं तीन महिने तरी होते का? पण बोलायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी ओठ असे मिटले, की मिशीसुद्धा हलेना.

दोन तासांनी उंबराच्या जातीच्या एका थोराड झाडाखाली चिंपांझी सापडले. एक मादी पिलाला मांडीत घेऊन त्याच्या डोक्यातलं काहीबाही टिपत होती. गणपतरावांना भडभडून आलं. पोराचं तोंड बघावं म्हणून ते वळले आणि त्यांची नजर पोराच्या पायांकडं गेली. तो मुंग्यांच्या रांगेतच उभा होता! लालकाळी रांग बुटावरून पँटीत शिरत होती.

गणपतरावांनी त्याची बाही ओढली. "श्श," राजवर्धन पुढं बघतच म्हणाला. त्यांनी बोट दाखवलं. वनरक्षक बाईंनी डोळे वटारून ते खाली करायला लावलं. गणपतरावांनी शेवटी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला आणि देवाचं नाव घेतलं.

मग राजवर्धन ओरडला. घराण्याचा आवाज! चिंपांझी किंचाळत चहूकडं पांगले. पिलू पोटाशी धरून मादी गेली. आणि साहेबांच्या बायकोसमोर राजवर्धननं पँट काढली, ती घालायला पाऊण तास लागला.

"तुमाला दिसत होतं?" मुंग्या झटकून घेताना त्यानं विचारलं.

"दिसत होतं की."

"मग बोलला का न्हाई?"

"तूच नगं म्हणालास."

परतल्यावर साहेब नवराबायको गाडीत जाऊन बसले, काचा वर करून. बापलेक वनखात्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसले. राजवर्धन मांडीला मलम चोळत होता. चेहरा सुजलेला, डोळ्यांत पाणी. नोकरीचं काय होणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक. गणपतरावांना त्याची फार दया आली. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज आपोआप खाली आला. अगदी हळू, मायेनं ते म्हणाले, "राजा, तुझ्या आईचं काळीज थकलंय. घरी चल."

राजवर्धननं मान वर केली. "आं? मोठ्यानं बोला की, आबा. मिलहाऊसच्या घरघराटात राहून कानांचं पार भुस्काट पडलंय माझ्या."

गाडीच्या काचेतून साहेब इकडंच बघत होते. गणपतराव पोराच्या कानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काय न्हाय. मलम गुडघ्यालाबी लाव म्हटलं."

सोळाव्या दिवशी ते मुरगूडला एकटेच उतरले. घरात शेजारीपाजारी जमले. गणपतरावांनी माकडं सांगितली, मुंग्या सांगितल्या, पोराची पँट सांगितली. माणसं पोट धरधरून हसली. चिमणाबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होत्या. मंडळी पांगल्यावर त्यांनी विचारलं,

"त्याला सांगितलं?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

"ऐकू गेलं न्हाय. मोठ्यानं बोला म्हणाला."

"मग बोलायचं की! साऱ्या गावाला आवाज जातोय तुमचा."

गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अगं, ती काय मोठ्यानं बोलायची गोष्ट हाय व्हय?"